भयपटाची पटकथा: घाबरवणारे प्रसंग सगळ्यात शेवटी लिहा

नवख्या लेखकांच्या भयपटांच्या संहितांमध्ये एक चूक सारखी दिसते. लेखकाला आधी एक भीतिदायक दृश्य सुचतं. आरशात कुणीतरी दिसतं, रात्री झोपाळा आपोआप हलतो, म्हातारी छतावरून चालते. मग अशी दहाबारा दृश्यं जमवली जातात आणि त्यांना जोडायला एक कुटुंब, एक जुना वाडा आणि एक मांत्रिक आणला जातो. वाचणाऱ्याला तिसाव्या पानानंतर काहीच वाटेनासं होतं, कारण आता काहीही घडू शकतं हे त्याला कळलेलं असतं. काहीही घडू शकत असेल तर घाबरायचं नेमकं कशाला?

म्हणून कामाचा क्रम उलटा करायचा. आधी भीती, मग नियम, मग माणसं आणि घर, मग आराखडा, आणि शेवटी घाबरवणारे प्रसंग. पुढे एकच नमुना कथा घेऊन हा क्रम दाखवला आहे. ती कथा रत्नागिरीकडच्या एका आंबा बागेची आहे.

तयारी: लिहायला बसण्याआधी

आधी तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवा. चित्रपट किती मिनिटांचा, जागा किती, माणसं किती. पहिल्या संहितेसाठी 90 ते 100 मिनिटं, एक मुख्य जागा आणि पाच-सहा पात्रं पुरेशी आहेत. ही मर्यादा फक्त बजेटसाठी नाही. कमी जागेत प्रेक्षकाला कोपरा न् कोपरा ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या जागेत झालेला छोटासा बदलही त्याला जाणवतो.

‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब ठरावीक इंग्रजी टंकातल्या ठरावीक मांडणीवर बसवलेला आहे. देवनागरीत तो जसाच्या तसा लागू पडत नाही. तुमच्या टंकात तीन पानं टाइप करा, घड्याळ लावून संवाद आणि हालचाली यांच्यासकट मोठ्याने वाचा आणि स्वतःचं प्रमाण काढा.

एक वही वेगळी ठेवा. त्यात फक्त आवाज आणि वास टिपायचे. रात्री अडीच वाजता तुमच्या घरात काय काय ऐकू येतं, ते एकदा जागं राहून लिहून काढा. या वहीचं काम पाचव्या टप्प्यात पडेल.

टप्पा 1: भीती ठरवा, भुताला थांबवा

भीती एका वाक्यात लिहायची आणि त्या वाक्यात भूत नको. ‘एका बाईला हडळ धरते’ ही भीती नव्हे, ती घटना आहे. ‘आपण म्हाताऱ्या आईला एकटं सोडून आलो, याचा हिशेब कधीतरी द्यावा लागेल’ ही भीती आहे. शहरात नोकरी करणाऱ्या कुणालाही ती न समजावता कळते.

नमुना कथेची भीती हीच धरू. चाळिशीचा सुहास मुंबईहून गावी येतो. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. बाग विकायची आहे. सातबाऱ्यावर अजून वडिलांचं नाव असल्यामुळे वारस नोंद करून घ्यायला हवी, आणि फेरफाराच्या नोटिशीची मुदत 15 दिवसांची. तेवढे दिवस त्याला आईबरोबर त्या घरात काढायचे आहेत.

तपासणी: हे वाक्य एखाद्या भयपट न बघणाऱ्या माणसाला सांगा. तो गप्प झाला किंवा स्वतःच्या घरातलं काही बोलायला लागला, तर वाक्य बरोबर आहे. ‘मग पुढे भूत येतं का?’ असं त्याने विचारलं, तर भीती अजून सापडलेली नाही.

टप्पा 2: नियम बांधा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन आठवडे गेले तरी चालतील. अमानवी शक्ती कोणतीही असो, तिच्याबद्दल या प्रश्नांची उत्तरं लिहून काढायची: तिला काय हवं आहे? ती कशामुळे जागी होते? तिची हद्द कुठपर्यंत? ती काय करूच शकत नाही? तिला थांबवायची किंमत काय, आणि ती कोण मोजणार?

मराठी लेखकाला इथे आयती शिदोरी मिळालेली आहे आणि ती वाया जाते याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडची भुतं नियम घेऊनच जन्माला येतात. मुंज झाली पण लग्नाआधी गेला, तो मुंजा. त्याची जागा पिंपळ. चकवा वाट विसरायला लावतो, माणूस रात्रभर त्याच त्या जागी फिरत राहतो. आसरा पाण्याच्या काठी. राखणदार किंवा जागेवाला आपल्या हद्दीची राखण करतो आणि त्या बदल्यात त्याला दरवर्षी नारळ-कोंबड्याचा मान लागतो. गिऱ्हा, खवीस, देवचार, प्रत्येकाची जागा वेगळी आणि हट्टही वेगळा. संहितांमध्ये मात्र हे सगळे पांढरी साडी आणि मोकळे केस यांत मिसळून जातात. असं करू नका. एकच निवडा आणि त्याच्याबद्दल गावातल्या दोन-तीन वयस्क माणसांना विचारा. तालुका बदलला की तपशील बदलतो. तुमच्या कथेच्या गावात जो सांगतात तोच घ्या.

आपण राखणदार घेऊ. कोकणात राखण, म्हणजे हा दरवर्षीचा मान, देताना गाऱ्हाणं घालतात, म्हणजे राखणदारापुढे मोठ्याने मागणं मागतात. सुहास वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेला, तेव्हा वडिलांनी गाऱ्हाण्यात एक वाक्य वाढवलं: ‘गडग्याच्या आतलं आतच राहू दे, गेलेलं परत येऊ दे.’ गडगा म्हणजे बागेभोवतीची दगडी भिंत. म्हणजे जे काही घडणार आहे ते एका बापाने मागून घेतलेलं आहे. आता नियम असा: राखण चुकली, तर गडग्याबाहेर गेलेलं सगळं एकेक करून परत आणलं जातं. आजचं आधी, जुनं नंतर. यंदा राखण चुकली आहे.

या एका नियमातून काय काय निघतं ते बघा. काल विकलेली हापूसची पेटी सकाळी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात. गेल्या महिन्यात दुसऱ्याला दिलेला कुत्रा त्यानंतर. मागच्या वर्षी तोडून विकलेला फणस. तीन वर्षांपूर्वी रुग्णवाहिकेतून मुंबईला नेलेले वडील. आणि यादीच्या टोकाला, वीस वर्षांपूर्वी गेलेला सुहास स्वतः. प्रेक्षक हा क्रम ओळखतो आणि लेखकाच्या पुढे धावून भिऊ लागतो. तुम्हाला नेमकं हेच हवं आहे.

सावधान: नियमाला भोकं असतात आणि ती आत्ताच शोधायला हवीत. याच कथेत ‘गेलेलं परत आणलं जातं’ एवढाच नियम ठेवला असता, तर वडील तीन वर्षं का आले नाहीत, हा प्रश्न पहिल्याच वाचनात आला असता. ‘राखण चुकली तर’ ही अट त्यासाठी आहे. वडिलांनंतर दोन वर्षं आईने राखण दिली. यंदा सुहासनेच फोनवर ‘आता बाग विकायचीच आहे, कशाला खर्च’ असं सांगितलं. भोक बुजलं आणि दोषही ज्याचा त्याच्या पदरात पडला.

दुसरा धोका शेवटच्या अंकातला. नव्वद पानं कुणालाच माहीत नसलेला ताईत, मंत्र किंवा पोथी पंच्याण्णवाव्या पानावर सापडली, तर आधीची नव्वद पानं खोटी ठरतात. सुटकेचा मार्ग पहिल्या तीस पानांत प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून जायला हवा, भले त्याला तेव्हा तो कळू नये.

मांत्रिकाबद्दल थोडं थांबून सांगते. अंगात आलेल्या बाईला बांधून ठेवणं, झोडपणं, मिरचीची धुरी देणं हे भयपटांत उपाय म्हणून दाखवलं जातं. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेले नेमके हेच प्रकार गुन्हा म्हणून नोंदलेले आहेत. हे ज्यांनी सोसलं ती माणसं तुमच्या प्रेक्षकांत बसलेली असतात. असा प्रसंग लिहू नका असं मी म्हणत नाही. लिहायचा तर भीती त्या बाईच्या बाजूने लिहा, धुरी देणाऱ्या हातांची. तो उपाय यशस्वी झालेला दाखवू नका.

तपासणी: नियम दोन वाक्यांत मित्राला सांगा आणि ‘मग पुढे काय होईल?’ असं विचारा. त्याने स्वतःहून एखादा प्रसंग सुचवला, तर नियम चालतोय. त्याने ‘पण मग असं का नाही?’ म्हटलं, तर ते लिहून घ्या आणि पुढे जाऊ नका.

टप्पा 3: माणसं, आणि ती घर का सोडत नाहीत

‘मग निघून का जात नाहीत?’ हा भयपटाला विचारला जाणारा सर्वांत जुना प्रश्न आहे. मोबाइलला रेंज नाही, गाडी बंद पडली, पूल वाहून गेला ही उत्तरं आता कुणी मान्य करत नाही. उत्तर माणसाच्या गरजेतून किंवा नियमातून यायला हवं. दोन्हींतून आलं तर सोन्याहून पिवळं.

सुहासला बाग विकायची आहे, कर्ज आहे, मुदत आहे. ही गरज झाली. तरी तो घाबरतो आणि आईला घेऊन रत्नागिरीतल्या लॉजवर जातो. पात्राला पळून जाऊ द्या, अडवू नका. पहाटे आई लॉजच्या खोलीत नसते. घरी माजघरात बसलेली सापडते, पायांना ओली माती. आजचं आधी परत येतं, नियमच तो. आता सुहास एकटा निघू शकतो, पण किती दिवस, हे त्याला माहीत नाही. आपल्याला माहीत आहे.

मग घराचा नकाशा काढा, हाताने, कागदावर. खळं, पडवी, ओटी, माजघर, देवघर, मागील दार, न्हाणीघर, विहीर, गडगा, बेडं (गडग्यातलं लाकडी फाटक). कुठे उभं राहिल्यावर काय दिसतं आणि काय दिसत नाही, त्या रेषा आखा. माजघरातून पडवी दिसत नाही पण ऐकू येते, एवढ्या एका गोष्टीवर पुढचा अख्खा प्रसंग उभा राहणार आहे.

टप्पा 4: पायऱ्यांचा आराखडा

आता कार्डं घ्या. एका कार्डावर एक दृश्य, त्यात दोन ओळी: काय घडतं, आणि त्यामुळे पात्राला कोणता निर्णय घ्यावा लागतो. पूर्ण लांबीच्या भयपटाला साधारण पन्नास ते सत्तर कार्डं होतात. दुसरी ओळ रिकामी राहिली, तर ते दृश्य फक्त घाबरवायला आलं आहे. ते बाजूला काढा.

सगळी कार्डं जमिनीवर मांडा आणि चढण बघा. सुरुवातीच्या घटनांना साधं स्पष्टीकरण असलं पाहिजे. पेटी परत आली? टेम्पोवाल्याने चुकून ठेवली असेल. कुत्रा परत आला? कुत्री येतातच. स्पष्टीकरण देणारं पात्र हुशार हवं आणि त्याचं म्हणणं पटण्यासारखं हवं, तरच नंतर ते कोसळताना काहीतरी कोसळल्यासारखं वाटेल. तोडलेला फणस मुळासकट उभा दिसतो तिथे स्पष्टीकरणं संपतात. हा क्षण चित्रपटाच्या मध्याच्या आसपास ठेवा. त्यानंतर प्रश्न बदलतो: हे खरं आहे का, हा प्रश्न मागे पडतो आणि आता कुणाला वाचवायचं, हा समोर येतो.

इथे बहुतेकांचा आराखडा घसरतो. मध्यानंतर ते तशाच आणखी घटना आणखी मोठ्या आवाजात लिहितात. चढण आवाजाची नको, किमतीची हवी. पेटी परत आली तेव्हा नुकसान फार तर एका पेटीच्या पैशांचं होतं. वडील परत आल्यावर अडचण वेगळीच आहे: आईला ते हवे आहेत. तिला राखण द्यायचीच नाही. आता सुहासच्या वाटेत भूत नाही, आई उभी आहे.

घाबरवण्याच्या दोन जागांमध्ये श्वास घ्यायला जागा ठेवा. हसू, जेवण, जुनी आठवण, भांडण. या दृश्यांना भरताड समजू नका. ज्या माणसांबरोबर प्रेक्षक जेवलेला नाही, त्यांच्यासाठी तो घाबरत नाही.

तपासणी: भुताची सगळी कार्डं उचलून घ्या. उरलेल्या कार्डांत आई आणि मुलाची गोष्ट उभी राहते का? राहत नसेल तर लिहायला बसू नका. पहिल्या टप्प्यावर परत जा.

टप्पा 5: आता घाबरवा

संहितेत बऱ्याचदा असं वाचायला मिळतं:

अचानक दार धाडकन उघडतं. भयानक चेहऱ्याची आकृती दिसते. सुहास जोरात किंचाळतो. पार्श्वसंगीत टिपेला जातं.

यात लेखकाने काहीच लिहिलेलं नाही. ‘अचानक’ आणि ‘भयानक’ हे शब्द वाचकाला काय वाटावं ते सांगतात, काय दिसतं ते सांगत नाहीत. संगीत हे संगीतकाराचं काम. आता तोच मुक्काम, वडील परत आल्याचा, असा लिहून बघा:

दृश्य 38. अंतर्गत. माजघर. पहाट.

आई चुलीपुढे. दोन कपांत चहा ओतते.

सुहास समोर येऊन बसतो. एक कप उचलतो.

आई तो कप त्याच्या हातातून काढून घेते. बाजूच्या रिकाम्या पाटासमोर ठेवते.

आई: थांब. तुझा ओततेय.

ती तिसरा कप घेते.

पडवीतून खोकल्याचा आवाज.

सुहास पडवीकडे वळत नाही. आईकडे बघत राहतो. आई पाटासमोरच्या कपात साखर घालते. दोन चमचे.

सुहास: बाबांना साखर बंद होती.

आई: आता काय व्हायचंय त्यांना.

इथे कुणी दिसलेलं नाही. एक ओळ म्हणजे साधारण एक शॉट असा हिशेब ठेवला आहे, त्यामुळे कॅमेऱ्याच्या सूचना न देताही दिग्दर्शकाला लय कळते. मोकळी जागा वाचणाऱ्याचा वेग कमी करते आणि भयपटात पानावरचा वेग तुमच्याच हातात असतो.

पण हा प्रसंग एकट्याच्या बळावर चालत नाही. त्याच्या आधी पेरणी लागते. तो खोकला वडिलांचाच आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत हवं. म्हणून सहाव्या दृश्यात सुहास मोबाइलवर वडिलांचा जुना व्हॉइस मेसेज ऐकतो आणि त्यात बोलताना मध्येच तो खोकला येतो. साखर बंद असल्याचा उल्लेख दहाव्या दृश्यात, औषधांचा जुना डबा आवरताना. माजघरातून पडवी दिसत नाही हे सुहासने पहिल्या रात्रीच अनुभवलेलं. प्रत्येक भीतिदायक प्रसंगासमोर त्याच्या पेरणीची दृश्यं क्रमांकासह लिहून ठेवा. ज्या प्रसंगासमोर एकही क्रमांक येत नाही, तो दचकवेल, पण घरी गेल्यावर आठवणार नाही.

दचकवणं मी वर्ज्य मानत नाही. मात्र पूर्ण संहितेत तीन-चार वेळाच, आणि ते अशा वेळी की प्रेक्षक चुकीच्या दिशेला बघत असेल. मांजर उडी मारून गेली, मित्राने मागून खांद्यावर हात ठेवला, ही खोटी दचकणी एकदाही नको. त्यांनी प्रेक्षकाचा विश्वास जातो आणि खरा क्षण आला की तो आधीच सावरून बसतो.

आवाजांची वही आता उघडा. रहाटाचा करकराट, कौलांवर पडलेला आंबा, बेड्याच्या लाकडाचा घसरा. एक आवाज निवडा, पहिल्या भागात तो निरुपद्रवी करून ठेवा आणि मग जिथे तो यायला नको तिथे आणा. उलटंही करता येतं: रोज येणारा आवाज एका रात्री येतच नाही.

टप्पा 6: पहिला खर्डा

आराखडा पक्का असेल तर खर्डा पटकन लिहून होतो. मागे जाऊन दुरुस्त्या करत बसू नका. संवादांबाबत एकच गोष्ट सांभाळा: पात्रांनी नियम समजावून सांगायचा नाही. ‘तुला माहीत नाही का, वीस वर्षांपूर्वी या बागेत...’ अशी सुरुवात झाली की भीती तिथेच संपते. नियम घटनांतून कळू द्या आणि गाऱ्हाण्याचं वाक्य वादाच्या भरात आईच्या तोंडून निसटू द्या.

बोली वापरायची तर ज्याची त्याला द्या. रत्नागिरीकडची बोली आणि मालवणी एक नाही. घाबरवण्यासाठी बोली वापरणं, म्हणजे गावातला माणूस बोलला की तो गूढच, हे टाळा. गावकऱ्यांनाही कर्ज, गुडघेदुखी आणि लाइट बिल असतंच.

टप्पा 7: वाचन आणि छाटणी

आठवडाभर संहितेला हात लावू नका. मग चार-पाच जणांना बसवून मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही स्वतः वाचू नका, ऐका. कुठे कुणी मोबाइल उचलला, कुठे सगळे स्थिर झाले, एवढंच पानाच्या कडेला टिपा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका. ‘काय कळलं नाही? कधी पुढचं आधीच कळलं?’ असं विचारा.

छाटताना आधी भुताचं दर्शन कमी करा. जिथे ते दिसतं तिथे त्याऐवजी त्याचा परिणाम दाखवता येतो का, ते बघा. मग शेवट तपासा. शेवटच्या दृश्यात ‘भूत अजून जिवंत आहे’ असा धक्का घातला असेल, तर नियमाप्रमाणे तो शक्य आहे का? नसेल तर काढून टाका, कितीही चमकदार असला तरी.

टप्पा 8: नोंदणी आणि पाठवणं

कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या 1978 च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं: कॉपीराइट मिळतो तो मांडणीला. म्हणून ‘राखणदारावर सिनेमा’ ही एक ओळ लोकांना सांगत फिरू नका. पूर्ण संहिता किंवा निदान दृश्यवार सविस्तर कथा तयार झाल्यावरच बोला. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सदस्य होऊन ऑनलाइन नोंदणी करता येते. त्यातून तुमच्याकडे त्या तारखेला ही मांडणी होती, याचा पुरावा तयार होतो. प्रत्येक मोठ्या बदलानंतर नवा खर्डा पुन्हा नोंदवा.

कोणत्या वयोगटासाठी लिहिताय ते निर्मात्याला सांगता आलं पाहिजे. 2024 पासून यूए प्रमाणपत्राचे 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन गट झाले आहेत, आणि त्यावर प्रौढांसाठीचं ए. राखणदाराची गोष्ट रक्ताशिवाय सांगता येते, त्यामुळे ती कुटुंबांपर्यंत पोहोचू शकते, हा मुद्दा बैठकीत उपयोगी पडतो.

पाठवताना एका ओळीतली कथा, दोन पानांचा सारांश आणि पूर्ण संहिता अशा तीन वेगळ्या फाइली करा. सारांशात शेवट लपवू नका; निर्मात्याला पैसे घालायचे असतात, त्याला शेवट माहीत हवा. शीर्षकपानावर खर्ड्याचा क्रमांक आणि तारीख लिहा, पानांना क्रमांक द्या, आणि कुणाला कोणता खर्डा कधी पाठवला याची नोंद स्वतःकडे ठेवा.